कंट्रोलर आबांची ‘आज’ नावाची फाइल

कंट्रोलर आबा माऊसला हात लावण्याआधी घसा साफ करायचे. मग मान जरा उंचावून, समोर माइक असल्यासारखं पडद्याकडे तोंड करून बोलायचे, "लोणारवरून निघून मेहकर, चिखली मार्गे बुलढाण्याला जाणारी फाइल लागली आहे." एवढं झालं की क्लिक. क्लासमधल्या पोरी ओढणी तोंडाला लावून हसायच्या. आबांना त्याचं काही नसायचं. घोषणा केल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकही गाडी सोडलेली नव्हती.

लोणारच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. कोणती एसटी कधी, कोणत्या फलाटावरून निघणार हे बघायचं, फळ्यावर खडूनं लिहायचं आणि माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी नाव तेच राहिलं. त्यांचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत, माझ्या घराला लागून. बायको गेल्यापासून ते एकटे राहत, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या संजयला, त्यांच्या मुलाला, ते पटत नव्हतं. त्या उन्हाळ्यात आबा नळावर चक्कर येऊन पडले. शुगर वाढलेली निघाली. तेव्हा संजयनं अट घातली: रोज सकाळी घरच्या मशीनवर शुगर बघायची आणि लॅपटॉपमध्ये लिहून ठेवायची. दिवाळीला तो येईल तेव्हा सगळे आकडे बुलढाण्याच्या डॉक्टरांना दाखवायचे. जमलं तर आबांनी लोणारात राहायचं, नाही जमलं तर पुण्याला चलायचं. आपला जुना लॅपटॉप ठेवून संजय गेला आणि आबा दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर क्लासला हजर झाले.

मी तिथं आधीपासून होते. आमच्या महिला गटाचा मसाल्याचा धंदा आहे, आणि ऑर्डर, पत्ते, लेबलं सगळं कॉम्प्युटरवर हवं असं झालं होतं. मला वाटलं, हे मला सोपं जाणार. माझ्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते आणि सकाळचा चहा व्हायच्या आत दिवसभराच्या कामांची यादी तयार असते. पण कॉम्प्युटरनं माझी पार दैना केली. डब्यात डबा, त्यात आणखी डबा, आणि आतल्या डब्यावरही बाहेरच्याचंच नाव असू शकतं. ठेवलेली वस्तू सापडत नाही आणि फेकलेली वस्तू दुसऱ्याच दारानं परत येते. मशीन कमी, शिकणारे जास्त, म्हणून आबा आणि मी एका कॉम्प्युटरवर बसायचो. गोंधळात मला सोबत मिळाली.

क्लास तबस्सुम मॅडमचा होता. वडिलांच्या बांगड्यांच्या दुकानावरच्या खोलीत ही पंचविशीतली मुलगी आम्हाला शिकवायची. आम्ही काहीही सेव्ह केलं की तिचा एकच प्रश्न, "कुठं ठेवलं?" मी वही चाळायचे. आबा मात्र मार्ग सांगायचे. त्यांनी ‘लोणार’ नावाचा फोल्डर केला होता, त्याच्या आत ‘मेहकर’, त्याच्या आत ‘चिखली’ आणि सगळ्यात आत ‘बुलढाणा’. फाइल ठेवायची ती बुलढाण्यातच.

"आबा, इतके फोल्डर कशाला? एकात ठेवा ना सीधे," मॅडम म्हणायची.

"सीधी गाडी नाई बेटा. मेहकरवरूनच जा लागते."

डेस्कटॉपवर ते काहीच ठेवू देत नसत. मी तिथं चिठ्ठ्यांसारख्या फाइली लावून ठेवायचे, म्हणजे समोर दिसतात. त्यावर ते म्हणायचे, "बाई, हे स्टँडचं आवार हाये. इथं फेरीवाले बसतात, गाड्या नाई." रिसायकल बिन मात्र त्यांना फार आवडायचं. प्रवाशांचं विसरलेलं सामान ठेवायची खोली असते ना स्टँडवर, तशी. "फेकाचं नाई. कोणी ना कोणी मांगाले येतंच."

एक दिवस मॅडमनं कट आणि पेस्ट शिकवलं. फाइल इथून कापायची, तिथं चिकटवायची. मी ते ओळीनं लिहून घेत होते. आबा हात वर करून बसले होते.

"कट केली अन् पेस्ट कराच्या आंधी लाइट गेली तं? तवा फाइल कोन्त्या गावाले राह्यते?"

"कुठंच जात नाही आबा. आपल्या जागेवरच राहते. फक्त फिकी दिसते."

"म्हंजे निंघालीच नाई?"

"पेस्ट होईपर्यंत नाही."

"मंग फिकी काऊन दिसते?"

मॅडम म्हणाली, "अब्बा कहते हैं, हर बात का जवाब नहीं होता." मी वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. ते अजून तसंच आहे.

शुगरच्या आकड्यांसाठी मॅडमनं त्यांना वेगळं बसवून शिकवलं. रोज नवी फाइल, नावात त्या दिवसाची तारीख, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे सगळ्या ओळीनं लागतात. एवढी गोष्ट मला पहिल्यांदाच समजली आणि मी खूश झाले. आबांनी मान डोलावली. पावसाळाभर रोज सकाळी त्यांच्या घरातून घसा साफ केल्याचा आवाज यायचा, मग घोषणा, मग शांतता. संजयचा फोन आला की सांगायचे, "लिहून राह्यलो ना बाप्पा. आजची चांगली हाये."

दिवाळीत संजय आला. आबांनी मला मुद्दाम बोलावलं, जणू मी परीक्षेची साक्षीदार. संजय लॅपटॉप घेऊन बाजेवर बसला. आबांनी उभं राहून मार्ग सांगितला आणि संजय लोणार, मेहकर, चिखली करत बुलढाण्याला पोचला. तिथं एकच फाइल होती. तिचं नाव ‘आज’. आत त्या सकाळची शुगर.

"आबा, बाकीच्या कुठं आहेत?"

"बाकीच्या कोन्त्या?"

"रोजच्या. तीन-चार महिन्यांच्या."

"त्या तं गेल्या. रोज नवी करतो, नाव देतो ‘आज’. मशीन इचारते, ‘आज’ आधीच हाये, बदलू का? म्या म्हन्तो हाव. कालची गाडी आज फळ्यावर ठेवतेत का कोनी?"

मी रिसायकल बिन उघडायला सांगितलं, कारण आबांच्या सामानाच्या खोलीवर माझाही विश्वास बसला होता. ते रिकामं होतं. संजय ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाला, "आबा, तुमची शुगर या दिवसांत काय होती, हे जगात कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांना मी काय दाखवू?"

"मले चक्कर आली नाई. म्हंजे वेळेवर हुती."

अट ठरलेली होती. संध्याकाळी संजयनं कपाटावरची सुटकेस खाली काढली.

मला राहून राहून एकच कळत नव्हतं. आबा मन लावून शिकणारे, मॅडमचा शब्द न् शब्द पाळणारे. तारीख घालायची एवढी साधी गोष्ट त्यांना कशी जमली नाही? निघायच्या सकाळी संजय आत कुलपं बघत होता, तेव्हा मी ओट्यावर त्यांना विचारलंच.

"जमली हुती ना," आबा म्हणाले. "पयले घातल्या तारखा. आठ-पंधरा रोज. सारे आकडे वळीनं दिसाचे. आज कालच्याहून जास्त, काल परवाच्याहून जास्त. रातच्याले झोप लागेना. मंग पुसल्या, सामानाच्या खोलीतूनबी. एकच ठेवली. एक आकडा काय भेव दाखवते?"

"हे संजयला सांगितलं का?"

"त्याले काय सांगू? त्याले वाटते बाप बुढ्ढा झाला, मशीन जमत नाई. वाटू दे."

म्हणजे ती चूक नव्हती. की तीच खरी चूक होती? संजयला सांगावं की नाही, हे मला त्या ओट्यावर ठरवता आलं नाही. एरवी मी ठरवायला वेळ लावत नाही.

गाडी भाड्यानं घ्यायची संजयची तयारी होती, पण आबांनी एसटीचाच हट्ट धरला. स्टँडवर तबस्सुम मॅडमही आली होती. आबा खिडकीशी बसले. माइकवर नव्या कंट्रोलरनं घोषणा केली आणि आबांनी त्यातलं एक गाव राहिलं म्हणून नाक मुरडलं. मग लॅपटॉपची पिशवी खिडकीतून माझ्या हातात दिली. "तिकडं अशा मशिनी ढिगानं हायेत," म्हणाले. आणि मॅडमला विचारलं, "पेस्ट होईस्तोर जाग्यावरच राह्यते म्हन्ली हुती ना तू?"

"हाँ आबा. जागेवरच."

"मंग बाई," ते माझ्याकडे वळले, "घराची लाइट कापू देऊ नका."

आता पुण्यात त्यांची सून रोजचा आकडा मोबाइलमध्ये भरते. त्याचा आलेख निघतो, औषध बदललं आहे, तब्येत सुधारते आहे असं संजय सांगतो. संजयचंच बरोबर होतं. हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे.

आबांचा मात्र रोज सकाळी मला फोन येतो. "लिवा बाई," म्हणून आकडा सांगतात. मी त्यांचा लॅपटॉप उघडते, मेहकर, चिखली करत बुलढाण्याला जाते. नवी फाइल, नाव ‘आज’. मशीन विचारतं. माझ्यासारख्या बाईनं, जिनं दहा वर्षांपूर्वीच्या किराण्याच्या यादीलाही भोक पाडून दोऱ्यात ओवलं आहे, ‘हो’वर बोट ठेवावं, हे मलाच समजत नाही. मॅडमला मी विचारलं, ही बदललेली फाइल जाते कुठं? ती म्हणाली, "बिनमध्येही नाही जात काकू. बस, नसते."

"पुसली का कालची?" आबा विचारतात.

"पुसली आबा."

खोटं बोलत नाही, खरंच पुसते. पण आकडा ऐकला की तो कालच्यापेक्षा जास्त की कमी, हे मनात आपोआप लागतं, तिथं मशीनचं काही चालत नाही. त्यांना मी ते कधी सांगत नाही. ते आवाज खाली आणून पुढचं विचारतात, "मेहकर गाडी लागली का?" स्टँडचा माइक माझ्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येतो. मी घसा साफ करते आणि त्यांना फलाट सांगते.