डब्याच्या तळाशी मूठभर तांदूळ

मुलांनो, आज शेजारणीचा डबा परत करायचा होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात थोडी साखर घातली, आणि करोनातला बिरवाडीतला तो उन्हाळा आठवला. समोरच्या चाळीत कारखान्यातला एक कामगार, त्याची बायको आणि लहान मुलगी भाड्याने राहत होती. कारखाना बंद होता, रेशनकार्ड पोलादपूरकडच्या त्यांच्या वाडीत होतं, आणि त्यांच्या खोलीतून फोडणीचा वास येईनासा झाला होता. मी डबाभर तांदूळ त्यांच्या उंबऱ्यावर ठेवू लागले. डबा लख्ख घासून परत यायचा, पण तळाशी मूठभर तांदूळ असायचेच. "अगं, माझेच तांदूळ मलाच देतेस होय? रिकामा ठेव की!" मी गॅलरीतून ओरडायचे. ती पदराआडून हसायची. "रिकामा कसा देऊ आजी? तसा कोन देतो काय?" मागून मुलगी म्हणायची, "आये, अजून भूक हाय," आणि ती तिला घाईने आत न्यायची. एका सकाळी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. पहाटेच तिघं चालत गावाकडे निघाली, असं चाळीतल्यांनी सांगितलं. माझ्या पायरीवर डबा होता, नेहमीसारखाच लख्ख. झाकण उघडलं तर तळाशी मूठभर तांदूळ होते. ती माणसं पोचली का, हे मला कधीच कळलं नाही. आज साखरेवर झाकण लावताना पुन्हा तेच मनात आलं: तेवढ्या तांदळात त्या पोरीला वाटेत एकदा पेज मिळाली असती.