नाकावर उभं राहिलेलं राज्य

माझे भावोजी फरश्या बसवायचे, आणि चांगल्या बसवायचे. एवढं एक कौतुक आधीच उरकून घेते, कारण पुढे तशी संधी मिळणार नाही.

आमचं गाव म्हणजे एका जुन्या राजधानीचं उष्टं. गावाबाहेर नजर पोचेल तिथवर पडकी देवळं, बुजलेली तळी आणि मधोमध राजाच्या बैठकीचा दगडी चौथरा. आमच्या मागच्या दारी कपडे धुवायचा दगड आहे, त्याच्या कडेला हत्तीची सोंड कोरलेली आहे. कौतुकाने नाही सांगत. साबण अडकतो तिच्यात.

राजधानीची गोष्ट गावात कुणालाही विचारा, छाती फुगवून सांगतील. पहिल्या राजाने देऊळ बांधलं. मुलाला बापाच्या देवळाहून उंच शिखर हवं झालं, नातवाला त्याहून उंच. देव तोच, दगड तेवढे वाढत गेले. ते दगड ओढायला शेतावरची माणसं नेली. मग तळ्यांतला गाळ काढायला कुणी उरलं नाही, पाणी आटलं, आणि लोक भांडीकुंडी उचलून चालते झाले. शत्रू आला तेव्हा लुटायला शिखरं होती, लढायला माणसं नव्हती. शेवटचा राजा तळ्याच्या मोरीतून रांगत पळाला, असं गाइड सांगतात. हे सांगतानाही छाती फुगलेलीच.

भावोजी या सगळ्यापासून चार हात लांब होते. मग एकदा गेस्ट हाउसच्या बाथरूमचं काम लागलं. तिथे एक प्राध्यापक उतरले होते. आंघोळ लांबल्यामुळे वैतागून ते खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे राहिले आणि वेळ जाईना म्हणून म्हणाले, "अहो, तुमचं नाक अगदी मोठ्या देवळातल्या त्या राजाच्या मूर्तीसारखं आहे! वंशातले तर नाही ना?"

गृहस्थ दुसऱ्या दिवशी निघून गेले. नाक मात्र आमच्याकडे राहिलं.

त्या संध्याकाळी भावोजी आरशासमोर कधी या अंगाने, कधी त्या अंगाने उभे राहत होते. ताईने विचारलं, "दाढ दुखतेय का?"

"तुला नाही कळायचं," ते म्हणाले. "रक्तातली गोष्ट आहे."

त्यांचे वडील विटा वाहायचे. आजोबा काय करायचे ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि त्या न आठवण्यातच भावोजींनी अख्खं साम्राज्य बसवलं. थोड्याच दिवसांत त्यांनी जाहीर केलं की गुडघ्यावर बसणं आपल्या घराण्याला शोभत नाही.

"मग फरश्या काय उभ्याने बसवणार?" ताई म्हणाली. "वरून टाकणार?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. राजे लोक उत्तरं देत नसावेत. हातातलं काम अर्धवट टाकून ते रोज सकाळी अवशेषांत जायला लागले. चौथऱ्यावरचं गवत उपटून तिथे बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, "सावकाश बघा, आमच्याच पूर्वजांचं आहे." काही लोक त्यांच्याबरोबर फोटो काढायचे. पहारेकरी गंमत म्हणून 'महाराज' म्हणायचे, आणि ते ती हाक गंभीरपणे घ्यायचे.

घरी ताईने थापी उचलली. लग्नापासून ती त्यांच्या हाताखाली माल कालवत होती, सांधे भरत होती. अर्धवट राहिलेलं पहिलं घर तिनेच पुरं केलं. दुसऱ्या घरची मालकीण दारातच म्हणाली, "तुम्ही? यांना पाठवा ना."

"ते राज्य करतायत," ताई म्हणाली. "आणि फरशीला बाईमाणूस कळत नाही, बाई. दाखवा कुठे बसवायची ते."

सुरुवातीला एकदोन ठिकाणी तिच्या फरश्या वरखाली झाल्या. उखडून पुन्हा बसवल्या. हात फुटले, कंबर धरली. भावोजी संध्याकाळी येऊन जेवायचे आणि शिखरांवर बोलायचे.

मग गावातल्या हॉटेलवाल्यांनी राजधानीच्या स्थापनेचा सोहळा करायचं ठरवलं. राजाची मिरवणूक निघणार होती. भावोजी धुतलेले कपडे घालून समितीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलचे मालक. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "नाक ठीक आहे. पण राजा कसा भरलेला हवा." राजा त्यांचा जावई झाला, तो बऱ्यापैकी भरलेला होता. भावोजींना छत्री धरायला सांगितलं.

सोहळ्याच्या दिवशी ताई कामावर होती. भावोजींनी घरातला लाल पडदा काढला, खांद्यावरून घेतला आणि मिरवणुकीच्या आधीच चौथऱ्यावर जाऊन बसले. मी गर्दीत होते. ढोल वाजवत मिरवणूक पोचली, तर सिंहासन आधीच भरलेलं.

"उठा हो," जावई म्हणाला. मुकुटाच्या पुठ्ठ्याखालून त्याला घाम गळत होता.

"स्वतःच्या घरातून कशाला उठू?"

अध्यक्ष ओरडले, पहारेकऱ्यांनी दंड धरले, झटापटीत पुठ्ठ्याचा मुकुट चेपला आणि पडद्याची कडी कुणाच्या तरी कपाळावर बसली. लोक मोबाइल वर करून हसत होते. एका जागेसाठी दोन राजे, आणि ती जागा म्हणजे पावसात भिजलेला दगड! मी पळत जाऊन ताईला घेऊन आले. तिच्या कोपरापर्यंत सिमेंट होतं.

"घरी चला," ती म्हणाली.

"तूही बस इथे. राणी आहेस तू."

"बरं. मग तुमचा तो शेवटचा राजा मोरीतून पळाला, तेव्हा राणीला बरोबर नेलं होतं का?"

गोष्ट भावोजींना तोंडपाठ होती. हळूच म्हणाले, "नाही. दागिने नेले."

"आणि पोरं?"

"ती तिच्याजवळच राहिली."

"म्हणजे पोरं तिने वाढवली, आणि नाक सांगायचं त्या पळपुट्याचं!"

कुणी तरी शिट्टी मारली. भावोजी उठले, पडदा गोळा केला आणि तिच्या मागून चालायला लागले. चेपलेला मुकुट घालून जावई बसला, पण एव्हाना निम्मे लोक पांगले होते.

नंतर कितीतरी दिवस ते खोलीबाहेर आले नाहीत. आले ते असेच एका सकाळी, ताई फरश्यांची खोकी गाडीवर चढवत होती तेव्हा. एक खोकं उचललं, मग दुसरं. आता ते तिच्याबरोबर जातात, माल कालवतात. कडेच्या फरश्या कापायचं काम ती अजून त्यांच्या हातात देत नाही.

मी परवा त्यांचं काम चाललेल्या घरी गेले आणि सवयीने ताईला विचारलं, "काय, महाराज आज कामावर का?"

ताईने थापी खाली ठेवली. "हे बघ, त्यांना बोलायचं ते मी बोलेन. मी भोगलंय. तू भावोजी म्हणायचं."

आत भावोजी गुडघे टेकून जुने सांधे खरवडत होते. त्यांनी ऐकलं असणार. मान काही वर केली नाही.