भिंगवाल्या मॅडम आणि चांदीचा ठिपका

आमच्या प्रयोगशाळेत भिंगवाल्या मॅडमना चांगलं म्हणणारं कोणी सापडेल असं मला वाटत नाही. सराफाचं भिंग गळ्यात अडकवून त्या फिरायच्या. आपण काही सांगायला लागलो की आपल्याकडे बघायच्याच नाहीत. भिंग डोळ्याला लावून आधी नमुना बघायच्या. "तू काय सांगतेस ते नंतर. हा काय सांगतो ते बघू दे."

मी सोलापूरकडच्या केमची, कुंकवासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावची. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी त्यांनी मला शर्टाच्या बटणाएवढी चकती दिली: सोन्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण. ती द्रव नायट्रोजनमध्ये थंड करत न्यायची आणि विजेला तिचा रोध किती ते मोजायचं. तारा चांदीच्या लेपाच्या ठिपक्यांनी चिकटवायच्या. माझा पहिला ठिपका बघून त्या म्हणाल्या, "कुंकू लावलंयस का?" सगळे हसले. राग तिथूनच सुरू झाला.

एका दुपारी चकती थंड होता होता रोध एकदम शून्यावर आला. म्हणजे अतिवाहकता, वीज जराही न अडता वाहणं. सोन्या-चांदीत असं होत नाही. झालं, तर केवढी गोष्ट! दोन दिवसांनी पुण्यात संशोधनाच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. हा आलेख दाखवला की जागा माझीच. मी तिथूनच गावी वडिलांना, आबांना, फोन केला.

"लई मोठं हाय व्हय गं? हितं स्टेशनावर सांगू का सगळ्यास्नी?"

मी हो म्हटलं.

मॅडमनी आलेख बाजूला सारला. "प्रवाह उलटा करून पाहिलास?"

"नाही."

"तारा हलवून?"

"नाही, मॅडम."

त्यांनी चकती बाहेर काढली, भिंग लावलं आणि चिमट्यानं एक ठिपका टोचला. तार सुटून वर आली. लेप थंडीनं तडकला होता. व्होल्टेज मोजणारी तारच सुटलेली. मीटर शून्य दाखवणार नाहीतर काय!

"मॅडम, मुलाखतीत कुणाला कळणार आहे?" हे मी खरंच बोलले. सांगायला लाज वाटते.

"तुला कळलंय ना? वडिलांना फोन लाव. इथंच, माझ्यासमोर."

सगळे ऐकत होते. "आबा, कुणाला सांगू नका. तार सुटली होती."

आबा म्हणाले, "सांगितलं की गं. बरं, आता तार सुटली म्हणून सांगतो."

मुलाखतीला मी तार पुन्हा चिकटवून मोजलेली साधी, सरळ उतरणारी रेघ घेऊन गेले. जागा मिळाली नाही. परत येऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "बरं. जाताना दार लाव, एसी चालू आहे."

यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोपाला मी गेले नाही. हे लिहिताना शेवटी 'आता राग उरला नाही' असं एक वाक्य मी लिहिलं होतं. वाचायला छान वाटत होतं. पण खरं नव्हतं, म्हणून खोडलं.