फोन ठेवू नका, सर

रविवारी दुपारी मी नांदेडच्या घरात धुतलेले पडदे परत लावत होते. मधेच लातूरला बाबांना फोन लावला, तर लाईन बिझी. पडदे लावून झाले, पुन्हा लावला, तरी बिझी. बाबा फोनवर कधी लांबण लावत नाहीत. सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेलेली. कामाचं बोलायचं आणि ठेवायचं, ही त्यांची शिस्त. म्हणून मी आईच्या मोबाईलवर फोन केला.

आईने उचलला, आणि ती काही बोलायच्या आत मला मागून भोंग्याचा आवाज आला.

"काय वाजून राहिलंय गं आई?"

"कॉम्प्युटर बोंबलून राहिलाय बघ. लाल पाटी आली त्याच्यावर. तुझे बाबा कंपनीच्या साहेबाशी बोलून राहिलेत."

"कोणती कंपनी?"

"मला काय म्हाईत? पाटीवरच नंबर होता. त्याच्यावर लावला त्यांनी."

अशा लाल पाट्यांबद्दल मी शाळेत मुलांना शिकवते. पाटी खोटी असते, भोंगा खोटा असतो, आणि त्या नंबरावर बसलेला माणूस चोर असतो. हे सगळं मी वर्गातल्या मुलांना सांगितलं होतं. बाबांना सांगायचं राहिलं होतं.

आणि त्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं ते मला माहीत होतं. निवृत्त झाल्यापासून बाबा आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करत होते. कोणी कुठल्या गावाहून आलं, पहिलं बुद्धविहार कसं पत्र्याचं होतं, विहिरीवर काय काय झालं, सगळं. घरी येऊन ते कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचे, ऐकून ऐकून टाईप करायचे. त्यातली निम्मी माणसं आता हयात नव्हती. दुसरीकडे कॉपी काढून ठेवा म्हणून मी मागे लागले होते. "करतो की," एवढंच उत्तर मिळायचं.

"आई, तुझा फोन स्पीकरवर टाक आणि बाबांच्या जवळ धर."

भोंगा मोठा झाला. मग अचानक बंद झाला. बाबांच्या फोनवरचा माणूस ऐकू यायला लागला. त्यांनीही स्पीकर लावला होता. आवाज तरुण होता, शांत होता.

"देखिए सर, आवाज़ बंद कर दी मैंने. अब आप माउस को हाथ मत लगाइए."

"बाबा," मी म्हणाले, "फोन ठेवा. तो चोर आहे."

"थांब गं. साहेब काम करून राहिलेत."

"बाबा, माऊस कोण हलवतंय?"

"तेच हलवून राहिलेत. व्हायरस दाखवला त्यांनी मला. लाल लाल रेघा, शेकड्यानं."

"ते सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर दिसतं बाबा! मशीन बंद करा."

"बंद केलं तर सगळं पुसलं जातं म्हणतेत. त्या रेकॉर्डिंगा बी."

त्या माणसाला माझा आवाज गेलाच असणार. "सर, कौन है साथ में? कॉल मत काटिए. किसी को बताना नहीं है, आपका नेटवर्क हॅक हुआ है, उनका फोन भी खतरे में आ जाएगा."

"ऐकलंस?" बाबा मला म्हणाले. "तू ठेव आता."

मी ओरडले. बाबांवर मी आयुष्यात ओरडले नव्हते. काय बोलले ते नीट आठवत नाही. बाबांनी काय उत्तर दिलं ते मात्र आठवतं. "मला शिकवू नको." आणि पुढे तो माणूस बँकेचं पान उघडायला सांगत होता, आणि बाबा "जी, जी" म्हणत होते.

मग मी बाबांचा नाद सोडला. "आई, स्पीकर बंद कर. फोन कानाला लाव आणि बाहेरच्या खोलीत जा."

चपलांचा आवाज आला. "हं."

"मेन स्विच बंद करून चालणार नाही. कॉम्प्युटरखाली बॅटरीचा डबा आहे, मशीन चालूच राहील. टीव्हीच्या वर पांढरा डबा आहे बघ, दोन शिंगांचा. हिरवे दिवे लुकलुकतात. त्याची वायर काढ."

"कोणती?"

"सगळ्या काढ."

"चिडतील गं."

"चिडू दे."

मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला आणि ती म्हणाली, "दिवे गेले."

आतून बाबा ओरडले, "काय केलंस तू? बाण थांबला! साहेब, बाण थांबला." आई आत गेली. मला दोघांचं ऐकू येत होतं.

"वायर काढली म्या. पोरीनं सांगितलं."

"तुला काय कळतंय त्यातलं?" बाबा म्हणाले. परक्या माणसाच्या कानावर जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले.

तो परका माणूस अजून फोनवर होताच. आता त्याचा आवाज शांत नव्हता. "सर, मोबाईल का हॉटस्पॉट चालू कीजिए. जल्दी. नहीं तो आपके ऊपर केस होगा. आपके कम्प्युटर से गलत काम हुआ है."

केसचं नाव निघालं आणि बाबांनी मोबाईल हातात घेतला. ते हॉटस्पॉटचं सेटिंग उघडत होते, हे आईने मला मागाहून सांगितलं. मी इकडे खिडकीशी उभी राहून नुसतं "आई, आई" करत होते.

आईने त्यांच्या हातातून मोबाईल घेतला. ओढला नाही. जेवायला वाढल्यावर पेपर काढून घेते तसा घेतला, आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "इनका खाना होना है. गोली लेने की है. बाद में करो." आणि कट केला.

नंतर तो फोन वाजत राहिला. वेगवेगळ्या नंबरांवरून. आईने तो उशीखाली घातला. मी आईच्या फोनवरून बाबांना सांगितलं, मशीनचं बटण दाबून धरा, स्क्रीन काळी होईपर्यंत. त्यांनी धरलं. मग पासबुकावर छापलेला बँकेचा नंबर त्यांना लावायला सांगितला आणि खातं तात्पुरतं बंद करायला लावलं. ते सांगितलं तसं करत होते, एका शब्दानेही वाद घालत नव्हते. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

नवऱ्याने मला स्टँडवर सोडलं. लोहा, अहमदपूर, चाकूर; बसमध्ये बसल्याबसल्या मी माझ्या फोनवरून बाबांच्या मेलचा पासवर्ड बदलला. तो मीच ठरवून दिलेला होता म्हणून जमलं. बाकी रस्ताभर एकच विचार: तो माणूस किती वेळ कॉम्प्युटरमध्ये होता, आणि त्याने काय काय नेलं?

घरी पोचले तेव्हा बाबा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई भाकरी थापत होती.

नेटची वायर काढलेलीच होती. मी मशीन चालू केलं. म्हटलं, त्या माणसाने घातलेला प्रोग्रॅम आधी काढून टाकू. स्क्रीन उजळली आणि पासवर्ड मागायला लागली. बाबांनी या मशीनला कधी पासवर्ड ठेवलाच नव्हता. वायर निघायच्या आधीच त्या माणसाने कुलूप लावून ठेवलं होतं.

"काय म्हणतंय?" भिंतीकडे तोंड ठेवूनच बाबांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "पासवर्ड मागतंय."

ते उठून बसले. पुन्हा आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबा रिक्षात कॉम्प्युटरचा डबा घेऊन गंज गोलाईच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथे एका मुसलमान भाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांचं घड्याळाचं दुकान होतं तेच. भाईंनी सगळं ऐकून घेतलं. "काका, दरवाजे को ताला है. अंदर का सामान गया कि नहीं, वो डिस्क बोलेगी," म्हणाले. स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली आणि एका छोट्या वायरीने दुसऱ्या मशीनला जोडली. त्या मशीनला नेट नव्हतं. आधी तपासणी लावली. हिरवी पट्टी सरकत होती, थांबत होती. एकदा इतका वेळ थांबली की भाईंनी चहा सांगितला. बाबांनी घेतला नाही. ते स्टुलावर न टेकता उभे होते, दोन्ही हात काउंटरच्या काचेवर.

व्हायरसच्या दोन फायली सापडल्या, त्या भाईंनी उडवल्या. मग फोल्डर उघडला. आत नावांची रांग दिसली.

"हाय का सगळं?" बाबांनी मला विचारलं.

"आहे असं दिसतंय."

"दिसतंय म्हणू नको. वाजवून दाखव."

भाईंनी मधलीच एक फाईल लावली. एका म्हातारीचा खोकला दुकानात घुमला, आणि मग तिचा आवाज: "हाव, सांगते की. आधी मला पाणी दे." बाबांनी काचेवरचे हात काढले आणि स्टुलावर बसले. भाईंनी त्यांच्यापुढे गार झालेला चहा सरकवला. तो त्यांनी एका घोटात संपवला.

सगळ्या फायलींच्या दोन प्रती काढल्या. एक बाबांच्या कपाटात, एक माझ्याबरोबर नांदेडला. मशीन पुसून नव्याने भरलं. मेल, बँक, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. सायबर पोलिसांकडे तक्रारही केली. त्यातून पुढे काही निघालं नाही.

"लई सभ्य बोलत होता गं तो," बाबा मला बसस्टँडवर म्हणाले. तेवढंच.

कित्येक दिवस त्यांनी मशीनवरचं कापड काढलं नाही. आईचा राग मात्र त्या चोरावर नव्हताच. "परक्यासमोर म्हणाले, तुला काय कळतंय," हे ती मला फोनवर परत परत सांगायची. बाबा तिथेच बसलेले असायचे, हे मला त्यांच्या खाकरण्यावरून कळायचं. माफी त्यांनी मागितल्याचं मला तरी माहीत नाही.

मग एकदा आईने सहज सांगितलं, की ते दोघं मुरुडला जाऊन आले. तिथल्या एका नव्वदीच्या आजीचं रेकॉर्डिंग करायचं होतं. आजी बाबांपुढे तोंड उघडेना. लाजत होती. तेव्हा बाबांनी मोबाईल आईच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आईने लई वेळ विचारलं आणि आजी लई बोलली.

"घरी येऊन मशीनवर म्याच चढवलं ते," आई म्हणाली. "त्यांनी सांगितलं कसं करायचं. मी दोनदा चुकले, तरी काही बोलले न्हाईत."