मी कशालाच हात लावला नव्हता

कारेगावजवळच्या कारखान्यात लागून मला दोनच महिने झाले होते. एका सकाळी माझ्या मशीनचा सेन्सर बंद पडलेला निघाला आणि साहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून मी हौसेने इंग्रजीत लिहिलं, "आय डिड नॉट टच नथिंग." मी कशालाच हात लावला नाही, असं मला म्हणायचं होतं.

साहेबांनी कागद वाचून शांतपणे विचारलं, "मतलब, तुमने कुछ तो छुआ था?"

मी घाईघाईने म्हणाले, "नहीं सर, कुछ भी नहीं!"

"लेकिन लिखा तो यही है. दो बार ना, मतलब हाँ."

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शाळेत इंग्रजीत मला कायम चांगले मार्क असायचे, आणि आज मी स्वतःच्या हाताने गुन्हा कबूल करून खाली सहीही केली होती.

शेजारच्या लाइनवरचे सुपरवायझर मामा पुढे आले. साहेबांना समजावून ते मला म्हणाले, "इंग्रजीत एकदाच 'न्हाई' म्हणलं की पुरतं, पोरी. नवा कागद घे."

मामांनी सांगितलेलं "आय टच्ड नथिंग" लिहिताना मला धीर होईना. एवढ्याशा वाक्यात 'नॉट' कुठंच नव्हतं.

दुपारी मशीन उघडलं, तेव्हा आत उंदराने कुरतडलेली वायर सापडली. साहेबांनी हसत पहिला कागद मला परत दिला. मी त्याचे बारीक तुकडे केले, आणि खालच्या सहीचे त्याहून बारीक.