गोम असलेलं पिल्लू

वाटणीत घराची रस्त्याकडची बाजू थोरल्या जावेला गेली आणि परसाकडची मला. येणाराजाणारा तिच्या ओट्यावर टेकायचा, चहा प्यायचा, चार गोष्टी सांगून जायचा. माझ्या दारात यायच्या त्या शेजारच्यांच्या कोंबड्या. बरं, जाऊ कधी भांडायचीही नाही. भांडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

आमचे हे पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागले होते. एक दिवस घरी येऊन म्हणाले, "कासारवाडीच्या पारशी बाईंच्या डॉबरमन कुत्रीला पिल्लं झालीत. साहेबानं शब्द टाकलाय, आपल्याला एक मिळंल." बाई कुत्री विकत नसत, माणूस पाहून देत. मी जन्मात कुत्रं पाळलं नव्हतं. आमच्या चिखलीत कुत्री होती ती सगळ्या गावाची. पण जावेकडे नसलेली एक तरी वस्तू माझ्या दारात येणार, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं आणि मी हो म्हणून टाकलं.

निघायच्या दिवशी जाऊ पदर खोचून तयार. "मी बी येते. नुसती बघते." नको कसं म्हणणार? बैलगाडीत ती पुढे बसली, मी मागे.

बंगल्यातली कुत्री काळीभोर, तुकतुकीत, भुवईवर तांबडे ठिपके. पिल्लांच्या शेपट्या आखूड कापलेल्या. बाई म्हणाल्या, "आधी आईला बघ. आई शाणी, तर पोरं शाणी." मग त्यांनी एक पितळी ताट फरशीवर धाडकन आपटलं. सगळी पिल्लं आईच्या पोटाखाली पळाली. एकच मागे फिरलं, ताटाजवळ आलं, हुंगलं आणि तिथंच बसलं. "हा घे," बाई म्हणाल्या.

मला हसूच आलं. ताट वाजवून कुणी जनावर निवडतं? माझे वडील चाकणच्या बैलबाजारातले नावाजलेले पारखी. लोक त्यांना घरी येऊन बाजाराला घेऊन जायचे. ते म्हणायचे, दावणीला आधी वैरणीत तोंड घालतो तो बैल कामाचा. मी पिल्लू उचललं, दात पाहिले, छाती चाचपली, मानेवरून उलटा हात फिरवला. आणि थबकले. मानेवर केस उलटे फिरून रेघ उमटली होती. गोम! आमच्या माहेरी गोम असलेलं जनावर दारात बांधत नसत. ते धन्याचं घर खातं, असं म्हणत.

"हे नको. ह्याला गोम हाय," मी मोठ्यानं सांगितलं. मला किती कळतं तेही जावेला कळू दे, असंही वाटलं. दुसरं एक पिल्लू बाकीच्यांना ढकलून दुधाच्या थाळ्यात पाय घालून पीत होतं. मी ते घेतलं.

जाऊ गोमवाल्याजवळ उकिडवी बसली होती. "कुत्र्याला कसली गं गोम?" म्हणाली आणि बाईंकडे वळली, "मला द्याल का हे?" बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं आणि सरळ दिलं! येताना गाडीत दोन पिल्लं होती. माझा जळफळाट काय सांगावा.

माझं थाळेबहाद्दर खाण्यात वाघ निघालं. कारखान्याचा भोंगा झाला की मात्र कणगीमागं दडायचं, ओढून काढलं तर मलाच चावायचं. जावेचं ओट्यावर ताठ बसायचं. उगाच भुंकणं नाही. गावातली माणसं चालता चालता थांबायची. "वहिनी, कुत्रं हाय का फौजदार?" हे मला परसात ऐकू यायचं.

मग मी गोमेची वाट पाहू लागले. दिरांना ताप भरला, मला वाटलं आली वेळ. ते उठून भाकरी खायला बसले. त्यांची गाय व्यायला अडली, मी कान टवकारले. ती सुखरूप व्याली, वर कालवड झाली. पुढं तर कारखान्याच्या कँटीनला दूध घालायचं काम त्यांना मिळालं आणि पोरीचं लग्नही चांगल्या घरी जमलं. कुठली गोम आणि कुठलं काय.

लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊ परसात आली. तिच्या हातात हिरवं लुगडं. माझ्या ओटीत घालत म्हणाली, "धाकटे, कुत्रं लई पायगुणाचं निघालं."

मी म्हटलं, "माझ्यामुळं थोडंच? मी तर नको म्हणले व्हते."

"म्हणून तर. दुसरी कुणी असती तर गोम बघून गप बसली असती आन् माझ्या गळ्यात मारलं असतं. तू तोंडावर बोललीस. माझ्या घराचं बरंवाईट तुला लागतंय, हे मला तवाच कळलं."

मी वाकून तिच्या पाया पडले. ती डोळे पुसत मांडवाकडे गेली. मी लुगडं धरून तशीच उभी. कुत्रं तिचं, पायगुण तिचा, एवढं मी कसंबसं गिळलं होतं. पण माझ्याविषयी एवढं चांगलं तिला सुचावं? तिचा इतका हेवा मला त्याआधी कधीच वाटला नव्हता.