पाटावरचं श्रवणयंत्र

कोल्हापुरात माणूस बहिरा व्हायला लागला तर ते लवकर कळत नाही. इथं साधं "चहा घेणार का?" हेसुद्धा पंचगंगेच्या पलीकडच्या काठावर विचारल्यासारखं विचारतात. आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान गेलेत हे मला कळलं ते त्यांच्या "व्हय, व्हय"वरून. भाजी कुठली करू, या प्रश्नालाही ते "व्हय, व्हय" म्हणाले तेव्हा माझी खात्रीच पटली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आमचं बोलणं म्हणजे बहुतेक भांडणच, पण घर त्यावरच चाललं होतं. तेच बंद पडणार असं दिसायला लागलं.

आप्पांनी जन्मभर शिरोली एमआयडीसीत लेथ मशीन चालवलं. कान त्या आवाजानंच खाल्ले. माणूस तसा व्यवहारी, पण एका कंपनीवर त्यांची देवासारखी श्रद्धा. लग्नानंतर घेतलेला रेडिओ त्या कंपनीचा होता आणि तो चांगला निघाला. मग पंखा, इस्त्री, मिक्सर, सगळं तिचंच. मिक्सर जळला तेव्हा दोष विजेचा, मिरच्यांचा आणि माझा निघाला, कंपनीचा नाही. "आपल्या तालमीची टीम हरली म्हणून कुणी दुसऱ्या पेठंत जातंय व्हय?" असा त्यांचा सवाल. तालमीतालमीची फुटबॉल टीम असलेल्या या गावात यावर कोण काय बोलणार?

मी तरी त्यांचीच लेक. माझी कंपनी वेगळी, एवढंच. फोन तिचा, घड्याळ तिचं, कानात घालायची ती पांढरी बोंडंही तिचीच. नवा फोन बाजारात आला की हातातला चांगला चालणारा फोन मला एकाएकी मळका दिसायला लागतो. दुकानाच्या काचेशी मी रेंगाळले की आप्पा म्हणायचे, "लागला बघा मुंगळा गुळाला."

कानाच्या डॉक्टरांनी कानामागं बसणारं साधं यंत्र सुचवलं होतं. मी मात्र माझ्या फोनला जोडता येणारं, शेंगदाण्याएवढं यंत्र घेतलं. त्याची डबी उघडली की आत निळा दिवा लागायचा. आप्पांनी दिव्याकडं बघितलंसुद्धा नाही. डबी उलटीपालटी केली आणि विचारलं, "कुठल्या कंपनीचं?"

मी नाव सांगितलं.

"मग न्हाई घालत."

"तुमची कंपनी बंद पडून जमाना झाला, आप्पा!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"मग ऱ्हातो की बिनकानाचा."

मला असा राग आला की मी अबोला धरला. तो त्यांना कळलाच नाही. रागापेक्षा त्याचंच वाईट वाटलं.

नवरात्र बसलं आणि एका संध्याकाळी, मला न सांगता, आप्पांनी ते यंत्र कानात घातलं. मी स्वयंपाकघरात पुटपुटले, "मीठ कमी पडलं वाटतं." बाहेरून आवाज आला, "रोजच पडतंय!" मी पळी हातात घेऊनच बाहेर धावले. त्या दिवशी आमचं मिठावरून सुरू झालेलं भांडण आईच्या माहेरापर्यंत गेलं. कितीतरी महिन्यांनी मला जेवण गोड लागलं.

खंडेनवमीला आप्पा हत्यारांची पूजा करतात. निवृत्त झाले तरी त्यात खंड नाही. मी आंघोळ करून आले तर पाटावर लाल कापड, त्यावर नट-बोल्टचे पाने, मोजमापाची व्हर्नियर, कधीच मुका झालेला रेडिओ आणि त्याला खेटून ते शेंगदाण्याएवढं यंत्र. आपल्या कंपनीच्या शेजारी त्यांनी त्याला जागा दिली होती. माझा ऊर भरून आला. मग मी जवळ जाऊन बघितलं. आप्पांनी ते बाकीच्या हत्यारांसारखंच तेलाचा थेंब देऊन पुसलं होतं आणि वर ओल्या बोटानं हळद-कुंकू लावलं होतं. बारीक भोकं पार बुजून गेली होती.

दसरा झाल्यावर मी ते दुकानात नेलं. दुकानदारानं विचारलं, "ताई, ह्यात काय घातलंय?"

"हळद-कुंकू. आणि थोडं तेल."

तो इथलाच, त्यामुळं हसला नाही. "आम्हीबी पूजा केली," तो म्हणाला, "पण डबीसकट." यंत्र कंपनीकडं पाठवावं लागेल, पुन्हा चालेल याचा भरवसा नाही, असंही त्यानं सांगितलं.

घरी आले तेव्हा आप्पा दारातच बसले होते. मी नुसती नकारार्थी मान हलवली. आता हे पुन्हा "व्हय, व्हय" करत बसणार आणि मी भिंतीशी बोलणार, असं वाटून मी त्यांच्याशेजारीच बसले. आप्पा म्हणाले, "डाक्टर सांगत हुतं ते कानामागचं आण. मोठं असंना का."

"कंपनी कुठली बघू?" मी ओरडून विचारलं.

"कंपनीला काय चाटायचंय? तुझ्यासंगं भांडल्याबिगर जेवान जात न्हाई मला."

मी काहीतरी बोलले. पण इतक्या हळू, की माझं मलाच ऐकू आलं नाही. आप्पांनी कानामागं हात धरला आणि माझ्याकडं वाकून विचारलं, "काय म्हणालीस? मोठ्यानं बोल की."